पुष्पांजलीची दुपार

मागच्या साली पुष्पांजलीचा बियाण्याचा लॉट कंपनीत नापास झाला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण तयार होतं. नवरा भागवत म्हणाला, ऊन फार तापलं. सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, नजर लागली; शेडनेटच्या दाराला काळी बाहुली बांधा म्हणून मी कधीची सांगून राह्यली होती. शेजाऱ्यांनी कंपनीवर खापर फोडलं. पुष्पांजलीला मात्र कुणी विचारलं नाही, आणि खरं कारण तिलाच माहीत होतं. लॉट तिनंच नापास केला होता, एकेका मिनिटानं.

साखरखेर्ड्याहून जीपनं थोडं पुढे गेलं की तिचं गाव लागतं. त्या भागात पुष्कळ घरांमागे हिरव्या जाळीची शेडनेट उभी असतात आणि त्यांत भाजीचं नव्हे, बियाण्याचं पीक असतं. पुष्पांजलीच्या जाळीत टोमॅटो होता. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी एकत्रच नांदतात. संकरित बी हवं असेल तर कळी उमलायच्या आत तिच्यातला नर चिमट्यानं काढून टाकावा लागतो. हे काम दुपारी ऊन कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या मादीला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून फुलाखालची दोन हिरवी पानं खुडायची. सकाळचं काम कुणीही शिकतं. सगळी मदार दुपारवर.

उद्या उमलणारी कळी फिकट पोपटी दिसते. उमललेलं फूल पिवळंधमक; ते आंधळ्यालाही कळावं. पण या दोहोंच्या मधली एक कळी असते, बाहेरून मिटलेली आणि आतून फुटलेली. तिचे पराग आतल्या आत सांडून गेलेले असतात. ती हातून निसटली तर तिलाही इतरांसारखंच फळ धरतं, तसंच लाल होतं, त्यावर खूणही तीच असते, फक्त आतलं बी भेसळीचं. कंपनी ते बी स्वतःच्या शेतात पेरून बघते. भेसळीची झाडं हद्दीबाहेर निघाली की अख्खा लॉट नापास. चूक दुपारची, शिक्षा कितीतरी महिन्यांनी.

त्या सालच्या दुपारी पुष्पांजली विसरली नव्हती. ती झाडापुढे वाकलेली असायची आणि दारातून हाक यायची.

"पुष्पे, एक मिनिट ये वं, माही चष्म्याची डबी सापडून नाई राह्यली."

"अवं, एक मिनिट बाहेर ये, मोटर चालू होत नाई."

"मम्मी, एकच मिनिट, क्लासच्या सरांशी बोल ना."

आणि कमरेला खोचलेल्या फोनमधून बचत गटाच्या अध्यक्ष महामायाकाकू: "पुष्पा, तू सचिव ना आपली? एका मिनिटाचं काम हाय."

मागणारा खरंच एक मिनिट मागे आणि मिनिटभरानं निघूनही जाई. पण ती झाडापाशी परत येई तेव्हा नजर रिकामी झालेली असे. कोणत्या फांदीवर होते मी? ही कळी पाहिली होती, की नुसती बोटांत धरली होती? पोपटी आणि पिवळ्यातला तो बारीक फरक डोळ्यांना पुन्हा दिसू लागायला वेळ लागे, आणि दिसू लागतो न लागतो तोच पुढची हाक. मधल्या वेळात हात थांबत नसत. त्यांना काम पाठ होतं; डोळ्यांसाठी खोळंबून राहणं त्यांना ठाऊक नव्हतं. भेसळ झाली ती या मधल्या वेळात.

कंपनीचा गजेंद्र मोटारसायकलवरून प्लॉट बघत हिंडे. पोरगा भला होता, पण त्यानं स्वच्छ सांगितलं, "वहिनी, यंदाही नापास झाला तर कंपनी प्लॉट बंद करते. माझ्या हातात काही नाही."

"बंद तर बंद," भागवत म्हणाला. "जाळी देऊ काकडीवाल्याले. तू जाशीन पहिल्यासारखी दुसऱ्याच्या प्लॉटवर."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण पुष्पांजलीनं लग्नानंतरची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या जाळीत काढली होती, दुसऱ्यानं दाखवलेल्या ओळीत वाकून. हा प्लॉट कंपनीकडे तिच्या नावावर होता. दुसरं काहीच तिच्या नावावर नव्हतं.

श्रावणात झाडं कळीवर आली तशी एके दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, "उद्यापासून दुपारचा चहा झाला की दिवे लागेपर्यंत मले कोनी आवाज द्यायचा नाई."

भागवतचा घास हातातच राहिला. "म्हनजे?"

"म्हनजे म्हैस सुटली तर तुमी बांधा. पाहुना आला तर तुमी चहा टाका. फोन घरी राहीन."

"अन् काही लागलंच तर?"

"तेवढ्यात कोनाचं काही अडत नाई."

"घर पेटलं तर?" प्रतीक्षानं, बारावीतल्या लेकीनं, हसत विचारलं.

"तर पानी टाकजो."

मनकर्णाबाई पाटावर बसून ऐकत होत्या, पण बोलत नव्हत्या. चातुर्मासात त्या मौनानं जेवत. तोंडातून शब्द निघाला तर ताटावरून उठायचं आणि त्या वेळचं जेवण गेलं, असा त्यांचा नेम. तेवढ्यात दारात शेजारचा माणूस आला. मनकर्णाबाई पाटावर दिसल्या तसा हळूच चप्पल पायात सरकवून मागं फिरला. पुष्पांजली ते बघत राहिली. देवासाठी गप्प बसलेल्या बाईला सगळा गाव सांभाळून घेतो, हे तिला नवीन नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते तिला टोचलं.

हात धुऊन मनकर्णाबाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "कलेक्टरीन झाली का वं तू?"

हाका काही थांबल्या नाहीत. गावात बातमी पसरली तशा उलट वाढल्या. ज्या बाया कधी जाळीकडे फिरकत नव्हत्या त्याही दाराशी येऊन म्हणू लागल्या, "पाह्यतो बाप्पा, खरंच बोलत नाई का!" पुष्पांजली मान वर करत नसे. पण न उत्तर देण्यातही लक्ष खर्च होतं, हे तिला तेव्हा कळलं. हाक कानावर पडली की तिला अडवायला आतून कुणीतरी उठून जातं, आणि कळीपाशी तेवढं माणूस कमी पडतं.

आणि कुणीच नसे, तेव्हा तिचंच मन हाका मारी. फोन घरी ठेवला तरी हात कमरेशी जाई. प्रतीक्षा नर्सिंगला जाते म्हणते, बुलडाण्याला राहील कुठं? उद्या डाळ कोणती घालायची? महामायाकाकू त्या दिवशी तसं का बोलल्या? लोकांना गप्प करणं परवडलं, स्वतःला कुठे हाकलायचं? हळूहळू तिला एक दिसलं. ज्या दिवशी सकाळपासून घरातल्या बारक्यासारक्या गोष्टी तिनंच ठरवलेल्या असत, त्या दिवशी दुपारी तिची नजर लवकर विझे. ज्या दिवशी सकाळ सैल गेली, त्या दिवशी ती लांबवर टिके. लक्ष म्हणजे माठातलं पाणी; सकाळी ज्याला त्याला तांब्या भरून दिला की दुपारी आपल्यासाठी ओलावा तेवढा उरतो. मग तिनं घरात आणखी एक ठराव पास केला: भाजी कोणती, म्हशीला काय, पाहुण्यांकडे कोण, हे तिला विचारायचंच नाही.

"काय वाटेल ते शिजवू?" भागवत म्हणाला.

"वाटेल ते. खाऊ मी."

आठवडाभर घरात रोज बेसन झालं. तिनं खाल्लं.

बाहेरच्यांचं मात्र काही जमेना. एकदा दुपारी महामायाकाकू स्वतःच आल्या. गटाचं कसलंसं काम होतं आणि आवाज असा की आतल्या झाडांनीही ऐकावं. मनकर्णाबाई दारापाशी शेंगा निवडत होत्या. सुनेची त्यांना दया आली की काकूंची कटकट नको वाटली, कोण जाणे, त्या पटकन बोलून गेल्या, "हळू बोला. मौन हाय तिचं."

"मौन? काऊन?"

"चातुर्मास हाय ना. दुपारचं धरलं तिनं."

महामायाकाकूंनी जाळीकडे तोंड करून हात जोडले आणि पाय न वाजवता निघून गेल्या. पुष्पांजलीनं आतून सगळं ऐकलं. बाहेर येऊन खरं सांगावं असं तिला वाटलं. पण समोरची कळी पोपटी होती, हात स्थिर होता आणि दाराशी, कितीतरी दिवसांनी, कुणी नव्हतं. ती गप्प राहिली.

त्यानंतरच्या दुपारी सोन्यासारख्या गेल्या. जाळीजवळून जाणारी माणसं आवाज खाली करू लागली. शेजारच्या पोरांनी गाणी लावणं बंद केलं. कळ्या तिला दुरूनच ओळखू येऊ लागल्या. काही वेळा तर चिमटा लावायच्या आधीच आत काय असेल ते कळे. तिला वाटलं, खोटं असलं म्हणून काय झालं, कुणाचं काही बिघडत नाही. पण गोष्ट वाढत गेली. कुणी दाराशी नारळ ठेवून गेलं. कुणाची सून पाया पडायला आली. महामायाकाकूंनी उद्यापनाला सगळा गट बोलवायचं ठरवूनही टाकलं.

आणि मग गजेंद्र आला. तोही दुपारी.

"वहिनी, कंपनीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचाय. विषय, एकाग्रता. साहेबांना मी तुमच्या व्रताचं सांगितलं, ते खूश झाले."

पुष्पांजलीनं जोरात नकाराची मान हलवली.

"बोलायचं नाहीच, माहीत आहे मला! नुसतं उभं राहायचं. इकडं उजेडात या. हां. चिमटा वर धरा. थोडं हसा."

नाही, हा एकच शब्द पुरला असता. पण मौनातल्या बाईला नाही म्हणता येत नाही. दारात मनकर्णाबाई कौतुकानं उभ्या होत्या, त्यांच्यामागे दोन शेजारणी. एका ओळीच्या मध्यावरून गजेंद्रनं तिला उठवून दुसऱ्या ओळीत नेलं, मग तिसऱ्या, मग पहिल्यापासून सगळं परत, कारण मध्येच म्हैस ओरडली. जाताना तो म्हणाला, "एकच मिनिट लागलं बघा."

ती आपल्या ओळीत परतली. हात चालू झाले. काही वेळानं चिमट्याच्या टोकाला पिवळी भुकटी दिसली. आतून फुटलेली कळी. तिनं ती टाकली आणि मागे वळून ओळीकडे पाहिलं. ही पहिलीच होती? की ही फक्त पहिली दिसलेली? कितीही आठवलं तरी त्या ओळीतल्या कळ्या तिला आठवेनात. आठवत होतं ते एवढंच, की ती स्वतःला व्हिडिओतल्यासारखी दिसत होती, चिमटा वर धरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत परागाची डबी घेऊन जाळीत आला, तर बायको त्या ओळीतली आदल्या दिवशीची फुलं एकामागून एक तोडून पाटीत टाकत होती.

"काय करून राह्यली?"

"तोडून राह्यली."

"अवं पन कष्टानं नर काढलेली फुलं हायत ती! काऊन तोडतं?"

"काल या ओळीत मी नव्हती."

"तूच होती की! साऱ्या ग्रुपनं पाह्यलं तुले व्हिडिओत."

"तेच सांगून राह्यली. व्हिडिओत होती. इथं नव्हती."

भागवतनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पुढचं फूल तोडलं. त्यानं गजेंद्रला फोन लावला, तो जवळच होता, धावत आला. "वहिनी, असं करू नका. ओळीत एखाद-दुसरी निसटते सगळ्यांची. एवढी फुलं तोडली तर माल कमी भरेल."

"कमी भरू द्या."

"अहो पण एखादीसाठी—"

"एखादीच असती तर तेवढीच तोडली असती, साहेब. कोनती ते सांगा, बाकीची ठेवते."

गजेंद्र ओळीवरून नजर फिरवत राहिला. नेमक्या त्याच वेळी महामायाकाकू गटातल्या चौघींना घेऊन उद्यापनाचं बोलायला आल्या. पुष्पांजलीनं पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि दारापाशी गेली.

"उद्यापन नाई, काकू. व्रतच नाई."

"अं?"

"मी मौन धरलं नव्हतं. काम करत होती. कामात बोलता येत नाई म्हनून बोलत नव्हती."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला.

"म्हनजे देवाच्या नावानं खोटं?" महामायाकाकू म्हणाल्या. "आमाले हात जोडाले लावले!"

"ते खोटं होतं, मी ऐकून गप्प बसली, ते चुकलं. त्यासाठी कान धरते." आणि तिनं खरंच कान धरले. "पन तरीबी दुपारी मी बोलनार नाई. देवासाठी हात जोडले ना? कामासाठी नका जोडू. नुसतं येऊ नका."

"अन् गटाचं काम? सचिवाचं लक्षच नसीन तर आमी दुसरी पाहू."

"पाहा."

"पुष्पा, इचार करून बोल."

"केला, काकू. मायं लक्ष एवढंच हाय. ते मी इथं घालते."

काकूंनी त्याच आठवड्यात दुसरी सचिव नेमली. पुष्पांजलीला त्याचं वाईट वाटलं, बरंच वाटलं. गटात तिला मान होता. बायांनी तिचं नाव 'साहेबीण' ठेवलं. नारळ येणं थांबलं, हाका परत सुरू झाल्या. मनकर्णाबाई तर सुनेशी बोलायच्याच थांबल्या. भागवत म्हणे, घरात आता खरं मौन सुरू झालं.

ते मोडलं महामायाकाकूंमुळेच. एकदा त्या घरी आल्या तेव्हा मनकर्णाबाई पाटावर होत्या. एरवी काकू मागं फिरल्या असत्या. त्या दिवशी त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं तरी खरं हाय का, मनकर्णाबाई? का तेही कामच?" आणि हसल्या. पुन्हा विचारलं, आणखी पुन्हा. मनकर्णाबाईंनी बराच वेळ खाली मान घालून घास चावला. मग त्या ओरडल्या, "जेवू दे नं मले, बाप्पा!"

शब्द निघाला होता. त्या अर्ध्या ताटावरून उठल्या, हात धुतले, आणि उपाशीच भिंतीला टेकून बसल्या. पुष्पांजलीनं ताट झाकून ठेवलं. दुपारी ती जाळीत गेली तेव्हा दारापाशी पाट ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कुणा शेजारणीनं हाक मारली, "पुष्पा वं!"

"ती नाई येत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मौन हाय का आत्याबाई?" शेजारणीनं कुजकटपणे विचारलं.

"नाई. काम हाय. तुले काय पाह्यजे ते मले सांग."

दिवाळीनंतर बी कंपनीत गेलं. निकाल यायला अवकाश असतो आणि लावणीची वेळ कुणासाठी थांबत नाही, म्हणून गजेंद्रनं पुढच्या हंगामाची रोपं देऊन ठेवली, पण बजावून: लॉट नापास झाला तर उभं पीक उपटून टाकायचं. थंडी सरता सरता नवी झाडं कळीवर आली. रोज दुपारी पुष्पांजली ज्या झाडांपुढे वाके, ती तिची आहेत की नाहीत हेच तिला ठाऊक नव्हतं. हा विचार सगळ्यात मोठ्यानं हाक मारी. काही दुपारी तिला तो थोपवता येई, काही दुपारी येत नसे. थोपवता आला नाही तर ती चिमटा खाली ठेवून सरळ बसे, आणि नजर परत आल्यावरच उठे.

अशाच एका दुपारी घराकडून भागवतची धावती पावलं वाजली. पावलं दारापाशी थबकली.

"सरक माय, आत जाऊ दे."

"नाई."

"अवं गजेंद्रचा फोन आला! पास झाला! लॉट पास झाला!"

"मंग? दिवे लागले की नापास होते का? थांब तिथंच."

"माय, आनंदाची गोष्ट हाय!"

"आनंदाची हाय म्हनून काय झालं? येक मिनिटच ना?" मनकर्णाबाईंची काठी दारावर आडवी पडल्याचा आवाज आला. "बस खाली. मीबी बसली."

आत पुष्पांजलीनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चिमट्यात एक कळी होती. पास. हिरव्या जाळीतून येणारं ऊन समोरच्या पानांवर हलत होतं आणि तिला क्षणभर कळी पोपटी की पिवळी ते कळेना. ती हसली. मग ती कळी तिनं तोडून पाटीत टाकली, कारण तिची खात्री नव्हती. चिमटा पुसला, सरळ बसली, डोळे मिटले, उघडले. दारातून भागवतचा नाराज खोकला ऐकू आला.

तिनं पुढची फांदी हातात घेतली.